काखेत कळसा आणि व्हॅनभर गांजा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी 'अप इन स्मोक' या १९७८च्या अमेरिकन सिनेमाबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की डिस्क आणून घरी परत बघितला, मजा आली पण जिथे येईल असं वाटलेलं तिथे नाही आली, भलतीकडेच आली. बस एवढंच. त्यावर पत्रांचा हा ढीग. काही जण भडकलेत, काही हळवे झालेत, एकाने तर नुसतं 'ताई तुम्ही पण?' एवढंच लिहून पाठवलंय. त्यातली सहा निवडली. ज्यांना हा सिनेमा माहीतच नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगते: लॉस एंजेलिसमधले दोन गांजेकस, पेड्रो आणि मॅन, सगळा सिनेमाभर माल शोधत फिरतात, आणि ज्या व्हॅनमध्ये बसून फिरतात ती अख्खी व्हॅनच गांजापासून बनवलेली असते, आणि हे पोलिसांना माहितीये, प्रेक्षकांना माहितीये, फक्त त्या दोघांना शेवटपर्यंत माहीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याच्यापलीकडे गोष्ट नाही.

प्रश्न: ताई, होस्टेलवर असताना आम्ही सात-आठ जणांनी एका घासलेल्या कॅसेटवर हा सिनेमा बघितला होता. पोट धरधरून हसलो होतो, एकजण खरोखर कॉटवरून खाली पडला होता. आता पन्नाशी आली. मागच्या महिन्यात ब्लूरे मागवली, बायकोला मोठ्या कौतुकाने शेजारी बसवलं, आणि पहिला अर्धा तास आम्ही दोघं हवामानाच्या बातम्या बघावं तसं बघत होतो. ती म्हणाली, "हेच का ते?" सिनेमा शिळा झालाय की मी?

उत्तर: आधी मला सांगा, त्या रात्री होस्टेलच्या खोलीला आतून कडी होती ना? होतीच. मग अर्धं हसू त्या कडीचं होतं हो. चोरून बघतोय, कोणीतरी येईल, वॉर्डन दार वाजवेल, असल्या गोष्टींनी माणूस आधीच फसफसलेला असतो, त्यावर पडद्यावर कोणी शिंकलं तरी हसू फुटतं. आणि सात-आठ जण होतात तुम्ही. एकजण हसला की दुसरा त्याला हसतो, तिसरा त्या दोघांना. आता सोफ्यावर दोघंच, कायदेशीर पैसे देऊन आणलेली डिस्क, आणि शेजारी बायको तुमच्या चेहऱ्याकडे बघतेय की हा आता कुठे हसतो. असं परीक्षेला बसल्यासारखं कोण हसेल?

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर वेगळं आहे असं मला वाटतं, आणि ते मला स्वतःला दुसऱ्यांदा बघताना कळलं. बघताना म्हणजे काय, खरं तर बघत नव्हतेच. पहिल्या वेळी माझंही तुमच्यासारखंच झालं, नीट समोर बसून बघितला आणि घड्याळाकडे लक्ष जायला लागलं. दोन दिवसांनी कपड्यांचा ढीग घड्या घालायला घेतला होता, म्हटलं काहीतरी चालू असू दे, म्हणून तीच डिस्क लावली आणि पाठ टीव्हीकडे. आणि मी हसायला लागले! एकटीच, हातात उशीचा अभ्रा घेऊन. कारण हा सिनेमा मुळात कानाचा आहे. पेड्रो झालेला चीच मारिन आणि मॅन झालेला टॉमी चाँग, हे दोघं सिनेमात यायच्या आधी विनोदी रेकॉर्डवाले होते. त्यांची पहिली एलपी १९७१ची, मग 'बिग बांबू' १९७२ची, तिच्या कव्हरमध्ये सिगारेट वळायचा एक अवाढव्य कागद घालून दिला होता, मग १९७३ची 'लोस कोचिनोस', जिला विनोदी रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. त्या काळात अमेरिकन पोरं कोणाच्या तरी खोलीत जमून या एलपी ऐकायची. ऐकायची, बघायची नाही. पहिल्याच रेकॉर्डवर तो दाराचा तुकडा आहे, बाहेर डेव्ह नावाचा माणूस माल घेऊन आलाय, पोलिसांनी बघितलंय म्हणून घायकुतीला येऊन दार वाजवतोय, "मी डेव्ह, दार उघड", आणि आतला टाईट झालेला माणूस शांतपणे सांगतो की डेव्ह घरात नाही. संपलं. पुढची दोन मिनिटं हेच. कागदावर लिहिलं तर याच्यात काही नाही, पण त्या आतल्या आवाजाची जी सुस्ती आहे, प्रश्न ऐकल्यावर उत्तर यायच्या आधी जी रिकामी जागा सोडलीये, तिथे सगळा विनोद आहे.

सिनेमात तेच केलंय त्यांनी. गाडीतला तो प्रसिद्ध प्रसंग घ्या, धुराने काच दिसत नाही, पेड्रो स्टिअरिंग धरून विचारतो की मी नीट चालवतोय ना, आणि मॅन जरा वेळाने, म्हणजे बऱ्याच वेळाने, म्हणतो की मला वाटतं आपण पार्क केलंय. नुसतं बघितलं तर दोन माणसं धुरात बसलीयेत. ऐकलं तर जुगलबंदी आहे, एकाची लय भरभर, दुसरा प्रत्येक वाक्य विहिरीतून पोहऱ्याने ओढून काढल्यासारखं काढतोय.

म्हणून मला तर वाटतं थिएटर ही या दोघांसाठी मधली धर्मशाळा होती. घरातून निघाले, म्हणजे एलपीवरून, थिएटरात गेले, आणि कॅसेट-डिस्कवरून परत घरी आले. तुम्ही असं करा, बायकोला शेजारी बसवून दाखवू नका. एखाद्या रविवारी काहीतरी काम काढा दोघांनी आणि मागे हा चालू ठेवा. ती हसली तर मला कळवा, नाही हसली तर तिचं बरोबर आहे असं समजा.

एक राहिलं, काळाचा मुद्दा. कॅलिफोर्नियात १९७६ सालापासूनच एक औंसाच्या आत गांजा सापडला तर फार तर शंभर डॉलर दंड, इथपर्यंत कायदा ढिला झाला होता. सिनेमा आला त्याच्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यात जुनी तुरुंगाची भीती अजून ताजी आणि वर नुकतीच सुटल्याचा आनंद, अशा बरोबर सांध्यावर तो आला. आता तिथे २०१८पासून दुकानात रांगेत उभं राहून, वयाचा दाखला दाखवून, कर भरून विकत घेतात. संघराज्याच्या, म्हणजे फेडरल कायद्यात अजून मनाई आहे तो भाग वेगळा. पण ज्या राज्यात पावती मिळते तिथे लपवालपवीवरचा विनोद जरा पोकळ होणारच, त्याला तुम्ही काय करणार.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे. तुमच्यामुळे बघितला. सॉरी ताई पण याच्यात काहीच होत नाही?? अर्धा सिनेमा ते नुसते इकडून तिकडे जातात. याला क्लासिक का म्हणतात?

उत्तर: सॉरी कशाला, बरोबर आहे तुझं. काहीच होत नाही. पेड्रो आपली सजवलेली इम्पाला घेऊन निघतो, 'लो रायडर' हे गाणं वाजत असतं (हा सुरुवातीचा भाग मला अजून आवडतो, गाडीला असा सजवतो जसा नवरदेव), वाटेत मॅन लिफ्ट मागत असतो, कोणी थांबेना म्हणून छातीवर खोटे उभार लावून उभा असतो, पेड्रोला वाटतं बाई आहे म्हणून तो थांबतो. मग पकडले जातात, कोर्टात जज्जच्या पाण्याच्या ग्लासात व्होडका निघते म्हणून केस बारगळते, मग सीमेपलीकडे मेक्सिकोत तिहुआनाला जातात, तिथून ती हिरवट व्हॅन घेऊन परत येतात, पोलीस मागे, आणि शेवटी रॉक्सी नावाच्या क्लबमध्ये बँडची स्पर्धा. पटकथा म्हणून कोणी वर्गात आणली तर शिक्षक घरी पाठवतील.

पण गंमत अशी की याने एक साचा पाडला. दोन ढिले मित्र, एक क्षुल्लक हेतू, मध्ये शंभर फाटे, आणि मागे लागलेले लोक या दोघांपेक्षा जास्त मूर्ख. पुढे अमेरिकेत ज्याला स्टोनर कॉमेडी म्हणतात त्या सगळ्याचं घराणं इथून निघतं. आधीच्या सिनेमांत नशा करणारा एकतर वेडा व्हायचा, खून करायचा, नाहीतर रस्त्यात गोळी खाऊन मरायचा. इथे पहिल्यांदा त्याला काहीच होत नाही, हाच विनोद आहे. तुला जे कंटाळवाणं वाटलं ते तेव्हा नवीन होतं. याचा अर्थ तुला आवडायलाच पाहिजे असं नाही. पहिली लोकल बघायला लोक जमले होते म्हणून आज कोणी फलाटावर टाळ्या वाजवत नाही.

आणि पैशाचं ऐक. साधारण वीस लाख डॉलरमध्ये केलेला सिनेमा, एकट्या अमेरिकेत चार कोटींच्या वर गेला. दिग्दर्शक लू ॲडलर, त्याने याआधी एकही सिनेमा दिग्दर्शित केलेला नव्हता, तो संगीतवाला. कॅरोल किंग या गायिकेची 'टॅपेस्ट्री' ही रेकॉर्ड त्याने काढलेली, १९६७च्या माँटेरे पॉप महोत्सवामागे तो, चीच-चाँगच्या रेकॉर्डही त्याच्याच कंपनीच्या. आणि तो शेवटचा रॉक्सी क्लब आहे ना, सनसेट बुलेव्हार्डवरचा, त्याच्या मालकांमध्येही हाच. म्हणजे घरचंच कार्य. चाँगने नंतर कितीदा सांगितलंय की दिग्दर्शनाचा बराच भार मी उचलला. पुढच्या बहुतेक सिनेमांवर मग दिग्दर्शक म्हणून त्याचंच नाव आलं, त्यामुळे काहीतरी तथ्य असणार.

अजून एक, तू लिहिलंयस की "तो मॅन जरा जास्तच मोठा वाटतो." वाटणारच. सिनेमा आला तेव्हा चाँग ४० वर्षांचा होता! आईबाप त्याला 'नोकरी शोध नाहीतर मिलिटरी शाळेत पाठवतो' म्हणून झापतात, आणि आईचं काम करणारी ईडी ॲडम्स त्याच्यापेक्षा फक्त ११ वर्षांनी मोठी. हे कळल्यावर तो सुरुवातीचा सीन परत बघ, एकदम दुसराच विनोद होतो.

प्रश्न: आपण कौतुक करताय त्या चित्रपटात एका मेक्सिकन वंशाच्या माणसाला आळशी, बायकांच्या मागे लागणारा, तोडकं इंग्रजी बोलणारा असा दाखवला आहे. हे अपमानास्पद नाही का? आणि स्त्रियांचं चित्रण तर विचारूच नका. आपण स्त्री असून याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत याचं आश्चर्य वाटलं.

उत्तर: सर, दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तिथे मला वाद घालायचाच नाहीये. बायकांची पात्रं वाईट लिहिलीत. वाईट म्हणजे लिहिलीच नाहीत. एक हसणारी, एक कण्हणारी, एक घासायच्या पावडरीला कोकेन समजून नाकात ओढणारी (हा सीन मात्र ती बाई, जून फेअरचाइल्ड, दोन मिनिटांत असा करते की पुढे लोक तिला त्यासाठीच ओळखत राहिले). पहिल्यांदा बघितला तेव्हा मी भावांच्या घोळक्यात बसले होते, ते हसले म्हणून मीही हसले. आता नाही हसू आलं. चार ओळींत हे लिहायला हवं होतं, मान्य.

पहिल्या मुद्द्यावर मात्र थांबा जरा. पेड्रो कोणी बाहेरच्याने रंगवलेला नाही. चीच मारिन स्वतः चिकानो, म्हणजे अमेरिकेत जन्मलेला मेक्सिकन वंशाचा, लॉस एंजेलिसचाच, आणि बाप तिथल्याच पोलीस खात्यात तीस वर्षं नोकरी केलेला. हो, पोलिसाचा पोरगा. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीला नकार देऊन कॅनडात गेला आणि व्हँकुव्हरला त्याला चाँग भेटला. चाँग तिकडचा, बाप चिनी, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, आधी गिटार वाजवायचा, मोटाउन कंपनीसाठी रेकॉर्ड केलेल्या बँडमध्ये होता. घरच्यांचा एक क्लब होता, बायका कपडे उतरवत नाचायच्या तसला, तिथे त्याने नाटुकल्यांचा ग्रुप सुरू केला, त्यात ही जोडी जमली. म्हणजे त्या काळच्या हॉलिवूडमध्ये ज्यांना नोकर, माळी, धोबी यापलीकडे कामच मिळालं नसतं असे हे दोघे, आणि दोघांनीच लिहिलेला सिनेमा.

आणि त्या तिहुआनाच्या प्रसंगाकडे बघा ना. इमिग्रेशनवाले धाड घालतात, सगळ्यांना पकडून बसमध्ये कोंबतात आणि सीमेपार नेऊन सोडतात. आपल्याला वाटतं आता काहीतरी करुण होणार. तर पेड्रोच्या नातेवाइकांनीच इमिग्रेशनला फोन केलेला असतो, कारण तिकडे लग्न आहे आणि फुकट गाडी पाहिजे! मी पहिल्यांदा बघताना हा विनोद माझ्या डोक्यावरूनच गेला होता. आता मला तो सगळ्या सिनेमातला सगळ्यात तिखट वाटतो, गांजाच्या सगळ्या विनोदांपेक्षा. सरकारच्या दहशतीला या लोकांनी एसटीसारखी वापरून टाकलीये. ते तोडकं इंग्रजी बोलणारं पात्र आणि ही चाल, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आलंय, म्हणून मी त्याला नुसता अपमान म्हणू शकत नाही. चीचला हा विषय सोडवेनाच, १९८७मध्ये त्याने 'बॉर्न इन ईस्ट एल.ए.' काढला, त्याचा नायक तर अमेरिकेत जन्मलेला असूनही चुकून मेक्सिकोत हाकलला जातो. आणि २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला चिकानो कलेचं एक संग्रहालय उघडलं, त्याच्या स्वतःच्या संग्रहावर उभं केलेलं. सोंग घेणाऱ्याला सोंगाचं भान असलं की फरक पडतो, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं आणि तुमचं पत्र मी ठेवून दिलंय.

प्रश्न: कुठली डिस्क घ्यावी? जुनी डीव्हीडी आहे माझ्याकडे. ब्लूरेला खर्च करण्यात अर्थ आहे का? सबटायटल असतात का? तो स्पॅनिश मिसळलेला आवाज कळत नाही.

उत्तर: मगाशी मी कानाने बघा म्हटलं, आता डोळ्यांचंही सांगते म्हणजे हिशोब बरोबर होईल. हा सिनेमा रुंद पडद्यासाठी शूट केलाय. जुन्या व्हीएचएस कॅसेटवर टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही बाजू कापल्या जायच्या. आता विचार करा, दोन माणसं गाडीत शेजारी शेजारी बसलीयेत, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि दोन्ही कडा कापल्या. मग एकतर अर्धा पेड्रो आणि अर्धा मॅन, नाहीतर एकजण बोलतोय आणि दुसऱ्याचं तोंडच नाही. आणि या जोडीत न बोलणाऱ्याचं तोंडच तर बघायचं असतं. मी इतकी वर्षं ज्याला ढिसाळ कॅमेरा समजत होते ते त्या कापाकापीमुळे होतं. रुंद फ्रेममधली डीव्हीडी असेल तर तुमचं ऐंशी टक्के काम झालं.

चाळीस वर्षं झाली म्हणून २०१८मध्ये ब्लूरे निघाली, चित्र स्वच्छ आहे, पण खरं सांगू का, इतकं स्वच्छ असायची गरज नव्हती. व्हॅनच्या रंगाचे ओघळ दिसतात, धुराच्या मागे माणसं दिसतात. थोडा मळ बरा होता. घ्यायचीच असेल तर कॉमेंटरीसाठी घ्या, ॲडलर आणि चीच दोघं बसून बोलतात, किती संवाद तिथल्या तिथे सुचले, कुठला सीन कसा लांबला, आणि मध्येच दोघं आपल्याच जुन्या विनोदावर हसतात. ती कॉमेंटरी म्हणजे पुन्हा एक एलपीच झाली की.

सबटायटल लावाच, पहिल्यांदा तरी. चीच इंग्रजी आणि स्पॅनिशची अशी भेळ करतो की लिहिलेलं दिसलं तर बरं पडतं. फक्त एक त्रास, ओळ आधी दिसते आणि मॅन ती बोलतो चार सेकंदांनी. विनोद फुटतो. म्हणून दुसऱ्यांदा बंद करा.

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा. कपाटात माझी जुनी डिस्क त्याला सापडली आणि तो म्हणाला, बाबा हा बघूया का. मी काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली. अशा सिनेमांनी पोरांना वाटतं की हे सगळं मजेचं आहे. दाखवू का नको?

उत्तर: थाप काय मारलीत तेही लिहायचं होतं. असो. अमेरिकेत याला आर दर्जा आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्याने मोठ्या माणसाबरोबरच बघायचा. तुमचा आता त्या रेषेवर आहे, आणि तो 'बघूया' म्हणालाय, 'बघतो' नाही म्हणाला. माझ्या मते ही संधी आहे. तुम्ही नाही दाखवला तर तो मोबाइलवर तुकडे बघेल, तेही फक्त झुरक्यांचे.

सिनेमा मजेचंच दाखवतो, त्यात खोटं बोलण्यात अर्थ नाही. सिनेमात त्या दोघांचं वाकडं होत नाही. व्हॅन जळते, तिचा धूर क्लबच्या हवेच्या नळ्यांतून आत जातो, सगळे झिंगतात, पोलीससुद्धा, आणि हे दोघं स्पर्धा जिंकतात. तुम्ही पोराला 'यांचं बघ कसं वाटोळं झालं' सांगायला जाल तर तो तुमच्याकडेच बघत राहील.

पण पडद्याच्या बाहेर काय झालं ते सांगा की. चाँग २००३मध्ये खरोखर तुरुंगात गेला. गांजा विकून नाही, काचेच्या चिलमी विकून! घरच्यांची कंपनी होती, इंटरनेटवरून काचेच्या पाण्याच्या चिलमी विकायची, फेडरल सरकारने देशभर अशा दुकानांवर एकदम धाडी घातल्या, आणि त्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली, वर वीस हजार डॉलर दंड. याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नव्हता. बायको आणि मुलाला यात ओढू नये म्हणून त्याने गुन्हा कबूल केला, आणि सरकारी वकिलांनी कोर्टापुढे हेही मांडलं की या माणसाने सिनेमांतून पोलिसांची थट्टा करून पैसा कमावलाय. पंचवीस वर्षांपूर्वीचे विनोद फाइलला जोडले. तेव्हा वय ६५.

आणि दुसरी गोष्ट ऐका. सिनेमात त्यांच्या मागे लागलेला तो तडतडा सार्जंट स्टेडेन्को, ते काम स्टेसी कीचने केलंय, चांगला शेक्सपिअर वगैरे करणारा नट. हाच कीच १९८४मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कोकेनसकट सापडला आणि इंग्लंडात रीडिंगच्या तुरुंगात सहा महिने काढून आला. पुढे त्याने त्या व्यसनाबद्दल उघड बोलून दाखवलं. म्हणजे गांजेकस झालेला आत, पोलीस झालेलाही आत, आणि राहिला कोण, तर पोलिसाचा पोरगा. हे पोराला सांगा आणि मग गप्प बसा. त्याचं त्याला सुचेल काय ते. आणि त्या पावडर ओढणाऱ्या बाईच्या सीनला त्याचं तोंड कसं होतं ते बघा, मला वाटतं तुम्हाला बरंच कळेल. बापाबरोबर बघताना नको वाटतील असे दोन-तीन सीन आहेत, तेव्हा एकाने पाणी प्यायला उठायचं, ही जुनी पद्धत अजून चालते.

प्रश्न: ऐकलं की हा सिनेमा अमेरिकन सरकारने जपून ठेवायच्या यादीत घातला, खरंय का? आणि पुढचे भाग घेण्यासारखे आहेत का?

उत्तर: खरंय. लायब्ररी ऑफ काँग्रेसची नॅशनल फिल्म रजिस्ट्री म्हणून यादी आहे, दरवर्षी २५ सिनेमे घालतात, २०२४च्या यादीत 'अप इन स्मोक' आहे. ज्या सरकारने चाँगच्या शिक्षेच्या वेळी त्याच्या सिनेमांकडे बोट दाखवलं त्याच सरकारच्या लायब्ररीत आता तो सांभाळून ठेवलाय. आणि त्याच वर्षी त्याच यादीत 'स्पाय किड्स' हा लहान मुलांचा सिनेमाही आहे, त्यातही चीच मारिन आहे. एका हाताने पोरांचे डोळे झाकायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांना खाऊ द्यायचा, दोन्ही कामं एकाच माणसाने एकाच यादीत केलीत.

पुढच्या भागांचं, १९८०चा 'नेक्स्ट मूव्ही' घ्या, तो मला काही ठिकाणी पहिल्यापेक्षा जास्त हसवून गेला, गोष्ट तर त्यात अजूनच कमी आहे. १९८१चा 'नाइस ड्रीम्स' मधूनमधून. त्यात स्टेडेन्को परत येतो, माल चाखून चाखून हळूहळू सरडा होत जातो, तेवढ्यासाठी बघा. १९८३चा 'स्टिल स्मोकिन' ॲमस्टरडॅममध्ये केलाय, शेवटचा भाग म्हणजे त्यांचा स्टेजवरचा प्रयोगच, तो चालेल. १९८४च्या 'द कॉर्सिकन ब्रदर्स'मध्ये गांजाच नाही, तलवारी आहेत, आणि तो मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा कपड्यांच्या घड्या आधी संपल्या.